कॅम्प चार ते कराची

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचं पहिलं अध्यासन १९१९ साली वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला सुरू झालं. भारतात त्यासाठी दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये १९५५ साली संस्था निघाली, १९७० मध्ये ती जेएनयूत विलीन झाली. आयटीतली नोकरी सांभाळून मी याच विषयात एमए करतोय. वाचन होतं ते बदलापूर लोकलमध्ये.

निर्वासितांचा धडा १९५१ च्या जिनिव्हा करारापासून सुरू होतो. व्याख्या १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरती, आणि तीही फक्त युरोपापुरती ठेवायची देशांना मुभा. १९६७ च्या प्रोटोकॉलनं या अटी काढल्या. भारताची सही दोन्हींवर नाही.

आता खिडकीबाहेर बघा. अंबरनाथनंतर उल्हासनगर येतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी इथं लष्करी छावणी उभारली होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधहून आलेली लाखाच्या आसपास माणसं राहिली. बरेच जण कराचीहून बोटीनं मुंबईला उतरलेले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. रिक्षावाल्याला मात्र आजही ‘कॅम्प चार’ असंच सांगायचं.

ही माणसं कराराच्या व्याख्येत बसली नसतीच, कारण त्यांना नागरिकत्व मिळालं. राज्यघटनेचं सहावं कलम मला सरळ इफ-एल्ससारखं दिसतं. तुम्ही, आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी अखंड भारतात जन्मलेलं हवं. १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथंच राहिलात, तर नागरिक. त्या दिवशी किंवा नंतर आलात, तर अर्ज करून नोंदणी, आणि अर्जाआधी किमान सहा महिने वास्तव्य. एकाच घरातले दोन भाऊ या तारखेच्या दोन बाजूंना असू शकत होते.

माझ्या लघुप्रबंधाचा विषय हाच आहे. मार्गदर्शक म्हणतात, हा पुनर्वसनाचा, म्हणजे घरचा मामला. यात आंतरराष्ट्रीय काय? मला पटत नाही. सिंधमध्ये राहिलेल्या घरादुकानांच्या भरपाईवर भारत-पाकिस्तान कित्येक वर्षं वाटाघाटी करत होते. त्या फिसकटल्या, आणि १९५४ साली भारतानं आपल्यापुरता भरपाईचा कायदा केला. तोवर बराकीतल्या माणसाच्या हाती काय पडणार हे दोन राजधान्यांवर अवलंबून होतं: एक दिल्ली, आणि दुसरी तेव्हा कराचीच होती.