वाइझेनबॉक: तीनशे वर्षं रखडलेली सोयरीक

वाइझेनबॉक म्हणजे गव्हाची कडक बिअर. ग्लास नाकाशी नेला की आधी पिकलेलं केळं, त्यामागून लवंग, आणि घोट उतरल्यावर मनुका नि करपवलेल्या साखरेची गोडी. पुण्या-मुंबईच्या ब्रूपबांत हेफेवाइझेन चाखलेल्यांना केळं-लवंग ओळखीची वाटेल; पण ती पाच टक्क्यांच्या आसपासची, ही आठाच्या. यात ना केळं पडतं, ना लवंग. सगळी करामत यीस्टची. ब्रुअर फक्त माल्टचा लगदा साधारण ४५ अंशांवर थोडा वेळ थांबवतो. तिथे फेरुलिक आम्ल सुटतं, आणि यीस्ट पुढे त्यातूनच लवंगेचा वास काढतं.

नावातल्या ‘वाइझेन’बद्दल वाद नाही, तो गहू. भांडण आहे ते ‘बॉक’चं. जर्मनमध्ये बॉक म्हणजे बोकड, आणि बाटल्यांवर बोकड मिरवतोही. कुणी म्हणतं, ही बिअर पिणाऱ्याला बोकडासारखी ढुशी देते. कुणी मकर राशीकडे बोट दाखवतं: हिवाळ्यात, मकरेच्या दिवसांत गाळायची म्हणून बॉक. दोन्ही कथा ऐकायला झकास, पण नाव आधी आणि बोकड मागाहून आला, असंच मला वाटतं. उत्तर जर्मनीत आइनबेक नावाचं गाव आहे. तिथली बिअर मध्ययुगात दूरदूर जायची, बवेरियाच्या दरबारातही. बवेरियन बोलीत ‘आइनबेक’चं ‘आइनपॉक’ झालं, आणि ‘आइन’ म्हणजे ‘एक’ असल्यामुळे लोकांना ‘एक बोकड’ ऐकू येऊ लागला. शिवाय या बाजूला रोकडा पुरावा आहे. आइनबेकची बिअर मागवण्याचा खर्च परवडेना, म्हणून बवेरियाच्या ड्यूकने १५८९ मध्ये म्युनिकला स्वतःची भट्टी काढली. तेच हॉफब्रॉयहाउस. बोकडाच्या बाजूला असलं काही नाही.

आता मला चक्रावून सोडणारी गोष्ट. बवेरियात १५१६ च्या फर्मानाने बिअरला जव, हॉप्स आणि पाणी एवढंच ठेवलं होतं. गव्हाची बिअर गाळायचा हक्क डेगेनबेर्ग या सरदार घराण्याकडे खास परवान्याने होता. १६०२ मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि हक्क ड्यूक माक्सिमिलियान पहिला याच्याकडे आला. त्याने गव्हाच्या भट्ट्यांतून खजिना भरला. आणि १६१४ मध्ये याच ड्यूकच्या पदरी आइनबेकहून आणलेला एलियास पिखलर हा ब्रुअर म्युनिकमध्ये आइनबेकच्या धर्तीची बिअर गाळत होता. म्हणजे गहूही त्याचाच, बॉकही त्याचीच. तरी दोघांची सोयरीक जमायला १९०७ उजाडावं लागलं!

का? माझा तर्क असा. बवेरियात जवाची तपकिरी बिअर उन्हाळ्यात गाळायला बंदी होती. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच हंगाम. थंडीत तळाशी बसून काम करणारं यीस्ट तिथे रुळलं, आणि बॉक त्या गोटात गेली. गव्हाच्या बिअरचं यीस्ट उबेतलं, वर फेस धरणारं. भट्ट्या वेगळ्या, कारागीर वेगळे, हिशेबही वेगळे. दोन्हीकडून पैसा येत असताना मालकाने त्या एकत्र कराव्यात तरी कशाला?

गंमत म्हणजे मूळ आइनबेकची बिअर वर फेस धरणाऱ्या यीस्टचीच होती आणि तिच्यात सुमारे एक तृतीयांश गहू असे. बवेरियाने तिला शुद्ध जवाची केली. त्यामुळे वाइझेनबॉक हा बॉकमध्ये गहू घुसडण्याचा नवा चाळा नाही. गहू आपल्या जागी परत आला, इतकंच.

मधले टप्पे सर्वश्रुत आहेत. गव्हाच्या बिअरची चलती ओसरली, १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडरने राजा लुडविग दुसरा याच्याकडून ती गाळायचा हक्क मिळवला. १९०७ मध्ये श्नायडर घराण्याच्या भट्टीतून आव्हेंटिनुस बाहेर पडली. तेव्हा कारभार माटिल्डा श्नायडर पाहत होत्या. मठातल्या साल्व्हाटोर या बिअरनंतर डोपेलबॉकची, म्हणजे जास्त कडक बॉकची, नावं ‘-आटोर’ने संपवायची चाल पडली होती, हिला मात्र बवेरियाचा इतिहास लिहिणाऱ्या आव्हेंटिनुसचं नाव मिळालं. हा माणूस १४७७ मध्ये आबेन्सबेर्गला जन्मला.

१९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत म्युनिकची भट्टी गेली आणि बिअर केलहाइमला हलली. आबेन्सबेर्ग आज केलहाइम जिल्ह्यातच येतं. आणि केलहाइमची ती भट्टी? १६०७ मध्ये माक्सिमिलियाननेच गव्हाच्या बिअरसाठी उभारलेली. आज ८.२ टक्क्यांची आव्हेंटिनुस तिथेच गाळली जाते.