ताटातला मेक्सिको : एका अपेक्षाभंगाचा इतिहास

(१/९)
चितेगावच्या औद्योगिक पट्ट्यातून कामानिमित्त परदेशी गेलेल्या तरुणाने तिथल्या 'मेक्सिकन' उपाहारगृहात मोठ्या उत्सुकतेने जावे आणि हिरमुसून परतावे, हे आता नवलाचे राहिलेले नाही. मैद्याची पोळी, राजम्याची उसळ, जिऱ्याचा वास, वर पिवळ्या चीजचा थर आणि तिखट नावापुरते! ही निराशा रास्त आहे. मात्र तिचा दोष मेक्सिकोकडे जात नाही. तो कुठे जातो, ते या धाग्यात पाहू.

(२/९)
१५२१ मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस याने अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. तोवर या भूमीत गहू नव्हता, गाय नव्हती आणि म्हणून चीजही नव्हते. मका, घेवडा, भोपळा, टोमॅटो आणि मिरची यांवर तिथले स्वयंपाकघर उभे होते. गहू, गुरे आणि जिरे स्पॅनिशांबरोबर आले.

(३/९)
१८३६ मध्ये टेक्सास मेक्सिकोपासून फुटला आणि पुढे अमेरिकेत विलीन झाला. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने कॅलिफोर्नियासह विस्तीर्ण मुलूखही अमेरिकेकडे गेला. सीमा सरकली, माणसे तिथेच राहिली. त्यांच्या स्वयंपाकात टेक्सासचे गोमांस, गव्हाचे पीठ, चीज आणि सढळ जिरे मिसळले. या पाकपरंपरेला पुढे 'टेक्स-मेक्स' हे नाव मिळाले.

(४/९)
मग उद्योग आला. टाकोचे कवच तळून कडक करण्याच्या साधनाचे पेटंट १९५० मध्ये न्यू यॉर्कमधील मेक्सिकन उपाहारगृह-चालक हुवेन्सियो माल्दोनादो यांना मिळाले. १९६२ मध्ये ग्लेन बेल यांनी कॅलिफोर्नियात 'टाको बेल' सुरू केले. जगभर 'मेक्सिकन' म्हणून पोहोचले ते बहुतांशी हे अमेरिकी रूप.

(५/९)
या प्रवासात मागे काय राहिले? मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, धुतात आणि मग वाटतात. या प्रक्रियेला 'निश्तमाल' म्हणतात. तिने दाण्याचे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि टॉर्टियाला तिचा खास गंध लाभतो. मैद्याच्या पोळीत हे काहीच नसते.

(६/९)
प्रश्न केवळ चवीचा नाही. चुन्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपने मका नेला, चुन्याची रीत नेली नाही. परिणामी अठराव्या शतकापासून स्पेन आणि उत्तर इटलीतील मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला : त्वचा काळवंडणे, अतिसार, बुद्धिभ्रंश आणि अखेर मृत्यू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेतही त्याने असंख्य बळी घेतले. धान्य आले, ज्ञान मागे राहिले.

(७/९)
मिरचीचा प्रवास मात्र वेगळा. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त खाद्यपदार्थांचे सविस्तर वर्णन आहे. तिथे मिरे आहेत, मिरची नाही. ती पोर्तुगीजांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर उतरली, मिऱ्यांवरून नाव घेऊन दख्खनभर पसरली आणि ठेच्यात स्थिरावली. त्यातले शेंगदाणेही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. इथल्या पाट्या-वरवंट्याने तिला नवे ज्ञान दिले.

(८/९)
मूळ ज्ञानापर्यंत पोहोचलेला एक मराठी माणूसही आहे. गदर चळवळीतील क्रांतिकारक, वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारण्यात पुढाकार घेतला. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे स्नेही होते. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

(९/९)
२०१० मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या नोंदीत पदार्थांइतकेच महत्त्व शेतीला, निश्तमालाला आणि पाटा-वरवंट्याला आहे. म्हणून परदेशी उपाहारगृहात शिरताना एकच प्रश्न पुरेसा : टॉर्टिया कशाची आहे? 'चुन्यात शिजवलेल्या मक्याची' असे उत्तर आले, तर निःशंक बसावे. 'मैद्याची' असे आले, तरी बसायला हरकत नाही. फक्त आपण उत्तर मेक्सिकोतल्या किंवा टेक्सासच्या पंगतीला बसलो आहोत, एवढे ध्यानात असावे.