शिरेवाटे स्निग्धपोषण, अकाली जन्मलेल्या बाळांचे

अकाली जन्मलेल्या बाळाचे आतडे पुरेसे दूध पचवू लागेपर्यंत त्याला लागणारी चरबी शिरेतून थेट रक्तात देण्याची उपचारपद्धती. नवजात अतिदक्षता कक्षात तिला नुसते ‘लिपिड’ म्हणतात. ग्लुकोज, अमिनो आम्ले, क्षार आणि जीवनसत्त्वांच्या जोडीने ती दिली की त्या सगळ्या पोषणाला ‘टीपीएन’ म्हणतात. द्राव दुधासारखा पांढरा दिसतो, पण त्यात दूध नसते. सोयाबीनसारख्या वनस्पती तेलाचे अतिसूक्ष्म थेंब, ते विखुरलेले ठेवणारे अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिड, थोडे ग्लिसरीन आणि पाणी, एवढेच त्याचे घटक.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अकाली समजतात. ३२ आठवड्यांच्या आतल्या, विशेषतः दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांचा या उपचाराशी मुख्य संबंध येतो. गर्भाच्या अंगावर चरबी चढते ती शेवटच्या तिमाहीत. दिवस भरलेल्या बाळाच्या वजनात तिचा वाटा साधारण १२ ते १५ टक्के असतो, तर एक किलोच्या बाळात तो जेमतेम १ ते २ टक्के, म्हणजे १०-२० ग्रॅम. बाहेरून काहीच मिळाले नाही तर एवढ्या शिदोरीवर हे बाळ चार-पाच दिवसच तग धरू शकते. शिवाय लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही. चरबी अजिबात न मिळाल्यास अशा बाळात तीन दिवसांतच त्यांची कमतरता दिसू लागते. मेंदू आणि डोळ्याचा पडदा घडत असतानाची ही कमतरता असते, म्हणून तिला किरकोळ समजता येत नाही.

वापरात मुख्यतः २० टक्क्यांचे लिपिड असते. त्याच्या १ मिलिलिटरमधून सुमारे २ किलोकॅलरी मिळतात. १० टक्क्यांच्या द्रावात तेलाच्या मानाने फॉस्फोलिपिड जास्त असल्याने रक्तातील चरबी नीट हटत नाही, म्हणून ते टाळतात. पहिल्या एक-दोन दिवसांत दर किलो वजनामागे १ ते २ ग्रॅमने सुरुवात करून रोज ३ ग्रॅमपर्यंत नेतात. ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडत नाहीत. एक किलोच्या बाळाला ३ ग्रॅम म्हणजे दिवसभरात फक्त १५ मिलिलिटर, तासाला साधारण अर्धा मिलिलिटरहून किंचित जास्त. एवढा मंद वेग सिरिंज पंपाशिवाय राखता येत नाही. नळीला १.२ मायक्रॉनचा फिल्टर लावतात. उजेडाने तेलात पेरॉक्साइड तयार होतात, म्हणून सिरिंज आणि नळी प्रकाशापासून झाकतात.

या द्रावाचा इतिहास सरळ नाही. सरकीच्या तेलापासून केलेले ‘लिपोमल’ अमेरिकेत वापरले गेले, पण ताप, कावीळ आणि रक्तस्रावाच्या तक्रारींमुळे १९६० च्या दशकात ते मागे घ्यावे लागले. हे तेल पोटाला चालले, तरी शिरेला मानवले नाही. स्वीडनमधील आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल आणि बलकाचे फॉस्फोलिपिड वापरून ‘इंट्रालिपिड’ तयार केले. १९६२ पासून ते तिथे वापरात आले आणि आजही टिकून आहे. पुढे सोयाबीन, खोबरेलातून मिळणारे मध्यम साखळीच्या मेदाम्लांचे तेल, ऑलिव्ह आणि माशाचे तेल यांचे मिश्रण आले. केवळ माशाच्या तेलाच्या ‘ओमेगावेन’ला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, तीही टीपीएनमुळे पित्ताचा प्रवाह अडलेल्या मुलांसाठी. अकाली जन्मलेल्या सर्वच बाळांना मिश्र तेल सोयाबीनपेक्षा सरस ठरते, असे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात सिद्ध झाले नाही. म्हणून महागडे मिश्रण मिळाले नाही याची खंत पालकांनी बाळगू नये.

धोके खरे आहेत. रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढू शकते, त्याची तपासणी करावी लागते. मोकळी मेदाम्ले अल्ब्युमिनवरून बिलिरुबिनला हटवतात, म्हणून तीव्र कावीळ असताना मात्रा जपून ठरवतात. आठवडेच्या आठवडे टीपीएन चालल्यास यकृत बिघडू शकते; सोयाबीनमधील वनस्पती स्टेरॉलचा त्यात हात असावा. सर्वांत मोठी भीती जंतुसंसर्गाची. चरबीवरच वाढणारी मॅलासेझिया ही बुरशी अशा बाळांच्या रक्तात कधी कधी आढळते. एका बाळाला १५ मिलिलिटर लागते आणि बाटली १०० मिलिलिटरची असते, तेव्हा उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्याचा मोह होतो. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू शकतात, म्हणून तो टाळलाच पाहिजे.

म्हणून हा उपचार तालुका पातळीवरचा नाही. सरकारी रचनेत तालुक्याच्या रुग्णालयातील नवजात स्थिरीकरण कक्ष ऊब, प्राणवायू, ग्लुकोजची सलाईन आणि काविळीचा प्रकाशोपचार सांभाळतो. टीपीएनसाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दर्जाचा कक्ष लागतो. उदाहरणार्थ, सिल्लोड तालुक्यातील लोकांसाठी तो सुमारे ६५ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला. १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे घाटी, याच दर्जाचे. लिपिडविना बाळाचे काही तास निभावतात, उबेविना निभावत नाहीत. या रस्त्यावर बाळ आईच्या किंवा घरच्या कुणाच्या उघड्या छातीशी, टोपी घालून, वरून पांघरूण घेऊन न्यावे. त्याहून उत्तम म्हणजे कळा वेळेआधी सुरू होताच, बाळ पोटात असतानाच आईला हलवणे. २४ ते ३४ आठवड्यांत अशा कळा आल्यास निघण्यापूर्वी डेक्सामेथासोनचे पहिले इंजेक्शन द्यावे, असे केंद्र शासनाचे २०१४ चे मार्गदर्शन आहे. आजारी नवजातावरचा सरकारी रुग्णालयातील उपचार आणि तिथवरची वाहतूक २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे.

लिपिड हा तात्पुरता आधार आहे. पहिल्याच दिवसापासून आईच्या चिकाचे थेंब नळीने पोटात देतात आणि दूध दर किलोला दिवसाकाठी १००-१२० मिलिलिटरवर गेले की शिरेतले पोषण थांबवतात. आईचे दूध नसेल तर दूधपेढीतील पाश्चरीकरण केलेले दूध हा पुढचा पर्याय. आशियातील पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभारली. बाळ उबेच्या पेटीत असलेल्या आईने प्रसूतीनंतर पहिल्या सहा तासांतच हाताने दूध काढायला लागावे, दिवसातून आठ वेळा काढावे, आणि घरच्यांनी त्या काळात तिला बाळापासून दूर गावी नेऊ नये.