वय बसत नाही

मागच्या वर्षी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मी बी. ए. झाले. निकाल मोबाइलवर आला तेव्हा मी पतसंस्थेच्या काउंटरवर होते. समोर एक आजोबा पासबुक भरून घ्यायला उभे होते. आधी त्यांचं पासबुक भरलं, मग निकाल बघितला.

विसाव्या वर्षी, दुसऱ्या वर्षाला असताना, मी कॉलेज सोडलं होतं. बाबांचं दुखणं निघालं आणि दोघा भावंडांपैकी एकाचीच फी भरणं शक्य होतं. भावाची भरली गेली. कुणी भांडलं नाही, मीही नाही. पण पुढे कुठल्याही फॉर्मवर 'शिक्षण' हा रकाना आला की 'बारावी' लिहिताना हात अडखळायचा. पुढे लग्न, मुलगी, नोकरी असं सगळं झालं आणि पस्तिशीत मुक्त विद्यापीठात नाव घातलं. विषय घेतला इतिहास. 'आता कशाला?' हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की त्याचं उत्तर मी इतिहासातच शोधायला लागले.

माझं सासर चिपळूणचं, माहेर पाटणकडचं. मध्ये कुंभार्ली घाट. एसटीत बसून त्या घाटातच मी धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' वाचलं. १८७५ च्या सप्टेंबरात, भर पावसाळ्यात, कर्वे मुरुडहून साताऱ्याला सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी याच घाटाने पायी गेले. अंतर सुमारे ११० मैल. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण लागत. त्यांची झालेली होती, पण शरीरयष्टी किरकोळ. वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. आले तसे परत.

ते मॅट्रिक झाले १८८१ साली, तेविसाव्या वर्षी. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले १८८४ साली, सव्विसाव्या वर्षी. लग्न पंधराव्या वर्षीच झालेलं. मुलगा रघुनाथ १८८२ चा. म्हणजे वय कमी म्हणून परत पाठवलेला मुलगा पदवी घेताना दोन वर्षांच्या पोराचा बाप होता.

आज आपण ही गोष्ट 'संघर्षगाथा' म्हणून फॉरवर्ड करू. मला मात्र त्यातला हिशेब आवडला. कर्वे १९६२ पर्यंत जगले. म्हणजे पदवीनंतर त्यांना अठ्ठ्याहत्तर वर्षं मिळाली. १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. दोन-चार वर्षं उशिरा मिळालेल्या पदवीचं या हिशेबात काय ते वजन!

कर्व्यांनी १८९३ मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई बालविधवा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा त्या तिथे शिकायला गेल्या. विशी ओलांडलेली होती. तोवर त्यांच्यासारखीला 'ये, बस' म्हणणारी शाळाच नव्हती. त्यांचा उशीर त्यांचा नव्हताच, शाळेचा होता.

हे लक्षात आलं आणि मी वेगळ्याच तारखा जमवायला लागले. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवस शेताचा, कामाचा, म्हणून शाळा रात्री. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्यांना ते गाठता यावेत. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ झालं आणि पुस्तकं घरापर्यंत आली. कुणी रात्र दिली, कुणी सकाळ, आमच्या अभ्यासकेंद्राने रविवार दिला. 'तुमचं वय बसत नाही' असं म्हणण्याऐवजी या माणसांनी घड्याळ हलवलं.

आणि रविवारी शिकण्याची एक गंमत असते, ती मला विसाव्या वर्षी कळली नसती. तेव्हा मी डिग्रीनंतरच्या आयुष्याची वाट बघत होते. आता आयुष्य आधीच सुरू होतं, डिग्री त्यात येऊन बसली होती. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक प्रश्न वाचून व्हायचा. रयतवारीचं प्रकरण वाचलं आणि काउंटरवर सातबारा घेऊन येणाऱ्या माणसाकडे मी नव्याने बघायला लागले. लेक गृहपाठ करायची, मी माझा करायचे. तिला माझं अक्षर वाईट वाटायचं. परीक्षेच्या दिवसांत डाळ दोनदा करपली. नवऱ्याने ती मुकाट्याने खाल्ली आणि तिसऱ्या दिवसापासून स्वतःच फोडणी घालायला लागला. ती सवय अजून टिकली आहे.

पदवीने पगार वाढलेला नाही. हे सांगायला हवं, कारण 'आता कशाला?' विचारणाऱ्यांना तेच ऐकायचं असतं.

गुणपत्रक हातात आलं त्या रविवारी मी घाट चढून माहेरी गेले. बाबा आता पंचाहत्तरीचे. फीबद्दल आम्ही अठरा वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. त्यांनी चष्मा मागितला. प्रत्येक विषय, प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचला आणि म्हणाले, "इतिहासात बरे आहेत की गं." मग थोडं थांबून, "तेव्हा तुझीही भरायला हवी होती."

मी म्हटलं, "भरली ना बाबा आता. मीच भरली."

आईने चहा ठेवला होता. बाबांनी गुणपत्रक परत दिलं नाही. ते घडी न घालता, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. मीही मागितलं नाही. झेरॉक्स काढून ठेवलीच होती.