डहाणू : किनाऱ्याचा इतिहास आणि वारली वारसा

मुरगूड परिसरातील वाचकाला समुद्र म्हटला की मालवण, वेंगुर्ला किंवा गणपतीपुळे आठवते. महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाजवळचे डहाणू त्याच्या फारसे परिचयाचे नसते. मुंबईकरांच्या दृष्टीने मात्र डहाणू-बोर्डी हा सुरूच्या बनांचा, चिकूच्या वाड्यांचा आणि सुट्टीतल्या विश्रांतीचा प्रदेश होय. येथील निवासगृहांच्या भिंतींवर वारली चित्रे हमखास आढळतात; परंतु ज्या समाजाची ही चित्रे आहेत, त्याला डहाणूविषयीच्या लिखाणात त्या भिंतीपलीकडे क्वचितच जागा मिळते. डहाणूचा इतिहास प्रामुख्याने किनाऱ्यावरून लिहिला गेला आहे. तोच रानपट्टीकडून पाहिला असता त्याची मांडणी बदलते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बंदर, किल्ला आणि लोहमार्ग

डहाणूचे नाव प्राचीन आहे. नहपानाचा जावई उषवदात याने ज्या नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केली, त्यांत ‘दाहनुका’ नदीचा उल्लेख नाशिक येथील लेण्यातील शिलालेखात येतो. पुढे येथे पोर्तुगीजांची सत्ता आली. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ साली, हा प्रदेश मराठ्यांकडे आला आणि पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांकडे गेला. १८६४ मध्ये गुजरातकडून येणारा लोहमार्ग मुंबईस पोहोचला व डहाणू मुंबईच्या बाजारपेठेशी जोडले गेले. इराणी व पारशी बागायतदारांनी चिकूच्या वाड्या वाढविल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. स्थानिक इतिहासाची रूढ कथा साधारणतः एवढीच असते. मुंबईला जाणारे गवत कोणी कापले, जंगलातील लाकूड कोणी तोडले आणि ज्या जमिनींवर ही समृद्धी उभी राहिली त्या पूर्वी कोण कसत होते, हे प्रश्न या कथेत उपस्थितच होत नाहीत.

रानपट्टीची बाजू

या प्रश्नांची उत्तरे शासकीय कागदपत्रांतच सापडतात, हे विशेष. १९३५ च्या कायद्यान्वये डहाणू तालुक्याचा समावेश ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रांत करण्यात आला होता. अशा क्षेत्रांतील मूळनिवासी व डोंगरी जमातींविषयी मुंबई सरकारचे अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३९ साली अहवाल सादर केला. सावकार व जमीनदार यांच्या कर्जात अडकलेला वारली कूळ म्हणूनही टिकू शकत नव्हता, वेठीने राबत होता, हे त्यातून स्पष्ट होते. लग्नासाठी उचल घेणारा पुरुष पत्नीसह धनकोच्या घरी राबे. त्यास ‘लग्नगडी’ म्हणत. कित्येकांच्या बाबतीत ही उचल आयुष्यभरात फिटत नसे. वसाहतीच्या नोकरशाहीतील एका अधिकाऱ्याने हे नोंदवावे आणि आपल्या स्थानिक इतिहासकारांनी ते बाजूस ठेवावे, याचे प्रस्तुत लेखकास नवल वाटते.

१९४५ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरते. त्या वर्षी के. जे. सावे यांचा वारली समाजावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचले. आणि त्याच वर्षी, २३ मे रोजी, तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या मेळाव्यात वारल्यांनी वेठ नाकारण्याचा निर्धार केला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली हा लढा डहाणू तालुक्यातही पसरला. पावसाळा संपताच गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न पुढे आला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये, अशी मागणी होती. १० ऑक्टोबर रोजी गोदावरीबाईंच्या जिवास धोका असल्याची खोटी बातमी पसरवून वारल्यांना तलवाडा येथे जमविण्यात आले. तेथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. गोदावरीबाईंनी या लढ्याचा वृत्तांत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात लिहिला व त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या ग्रंथास स्थान आहे, परंतु ज्या भूमीत तो घडला तिच्या पर्यटनविषयक माहितीत तलवाड्याचे नाव दिसत नाही.

चौक आणि चित्र

वारली चित्रकलेची कहाणीही याच अंगाने वाचावयास हवी. मूळचा ‘चौक’ हा लग्नविधीचा भाग होय. सुवासिनींनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो काढावयाचा, त्यात पालघाट देवीची स्थापना करावयाची आणि धवलेरीने गाणी म्हणावयाची. त्याविना विवाह पूर्ण होत नसे. ही कला स्त्रियांची व प्रसंगोचित होती. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ती कागदावर आली, आणि गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (मृत्यू २०१८) यांनी तिला विधीपासून स्वतंत्र असे रूप दिले. त्यांना १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कलेची कीर्ती वाढली, कलावंतांना उत्पन्नाचे साधन लाभले, हे मान्यच केले पाहिजे. मात्र निवासगृहाच्या भिंतीवरील तारपानृत्यात ना देवी उरते ना धवलेरी, आणि चौक काढणाऱ्या स्त्रियांची नावे बहुधा नोंदली गेली नाहीत.

हक्काचा प्रश्न

ऑस्ट्रेलियातील बायरन बे या प्रसिद्ध सागरी पर्यटनस्थळी २००१ साली अराकवाल या मूळनिवासी समाजाशी भूमिवापराचा करार झाला व त्यातून राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले. डहाणूतही कायद्याची चौकट आहे : पाचवी अनुसूची, १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा. याखेरीज १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराचा प्रस्ताव नाकारला. धर्माधिकारी यांचे २०१९ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या वाढवण बंदरास सशर्त परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. या बंदरास किनाऱ्यावरील मच्छीमारांनी विरोध केला. त्यांच्या बरोबरीने रानपट्टीतील आदिवासी संघटनाही रस्त्यावर आल्या.