बाक की दुमड?

बारावीला जीवशास्त्र शिकवताना न्यूक्लिओसोमची आकृती मी फळ्यावर हमखास काढतो: मधे आठ हिस्टोन प्रथिनांचा गोळा, भोवती डीएनएचे जेमतेम पावणेदोन फेरे. मुलं ती निमूट उतरवून घेतात. त्या गुळगुळीत फेऱ्यांवरून शास्त्रज्ञ जवळजवळ तीस वर्षं वाद घालत होते, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.

हिस्टोन आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८४ मध्येच वेगळं केलं होतं. डीएनएशी त्याची जुळणी कशी, हे मात्र पुढे नव्वद वर्षं उलगडलं नाही. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात ह्युइश आणि बर्गोइन यांनी उंदराच्या यकृतातल्या केंद्रकांमध्ये डीएनए तुटू दिला. तुकडे वाटेल तसे पडले नाहीत. एकाच मापाच्या पटीत पडले. जेलवर ठरावीक अंतरानं पट्टे उमटले. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी हिशेब मांडला: दर आठ हिस्टोनमागे सुमारे २०० बेसजोड्या.

खरी अडचण इथून पुढची. डीएनए मुळात ताठ. दीडशे बेसजोड्यांचा तुकडा मोकळा असताना फारसा वाकत नाही, आणि इथे तर त्या दोनशेंपैकी तेवढ्याच तुकड्याला गोळ्याभोवती पावणेदोन वळसे! १९७५ मध्ये क्रिक आणि क्लूग यांनी सुचवलं की, तो दर वीस बेसजोड्यांना दुमडत असावा, बागेतला रबरी पाइप एका जागी दुमडतो तसा. १९७८ मध्ये ससमन आणि ट्रिफोनोव्ह यांनी उलट बाजू मांडली: दुमडीची गरजच नाही, सलग बाक पुरतो.

१९९७ मध्ये झुरिकला लुगर, रिचमंड आणि सहकाऱ्यांनी स्फटिकावर क्ष-किरण टाकून २.८ अँगस्ट्रॉमपर्यंतचं चित्र मिळवलं. डीएनएची अरुंद खाच जिथे गोळ्याकडे वळते, त्या प्रत्येक ठिकाणी हिस्टोनचं एक आर्जिनिन आत शिरलेलं दिसलं. २००३ मध्ये रिचमंड आणि डेव्ही यांनी आणखी स्पष्ट चित्रावरून दाखवलं की, बाक सगळीकडे सारखा नाही. अरुंद खाच काही जागी हळुवार वळते, काही जागी चक्क दुमडते. फक्त या दुमडी क्रिक-क्लूग यांच्या कल्पनेइतक्या तीव्र नाहीत.

म्हणजे दोन्ही पक्ष अर्धेअर्धे बरोबर. माझं शिक्षकमित्रांना एवढंच सांगणं: ते फेरे कंपासनं काढल्यासारखे गोल काढू नका. थोडे वेडेवाकडेच काढा, आणि का ते मुलांना सांगा.