गुडघ्याचें बळ

गुटेनबर्गच्या काळापासून छापण्याचा दाब मळसूत्रानें देत. दर कागदामागें तें पिळतांना छापणाऱ्याचे खांदे भरून येत. १८२१ सालीं न्यूयॉर्कच्या सॅम्युएल रस्टनें आपल्या छापयंत्रांत मळसूत्राच्या जागीं गुडघ्यासारखा सांधा योजिला.

दोन सारख्या दांड्या सरळ रेषेपासून ५ अंश कललेल्या असतां गुडघ्यावरील १०० पौंड रेट्याचा, घर्षण न धरतां, सुमारें ५७० पौंड दाब होतो. दांड्या सरळ होत जातील तसा तो आणखी वाढतो. परंतु १० इंची दांड्या तेथून पूर्ण सरळ होईतों गुडघा पाऊण इंचाहून अधिक सरकतो, दाबपाट मात्र इंचाचा तेरावा हिस्सा! छापण्यास जोर अखेरीसच हवा, म्हणून हा व्यवहार परवडतो. यंत्र बळ फुकट देत नाहीं. अंतराच्या मोलानें देतें.